पातळ ताक आणि जाड दोर

डबा उघडायच्या आधीच समोरच्या बाईंनी हसत विचारलं, "विशेषमा?"

तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या कारखान्यात बदली होऊन आल्यापासून नीलम शिंत्रेला जे थोडंफार तमिळ कळायला लागलं होतं, त्यात हा शब्द होता. काही विशेष आहे का, म्हणजे दिवस गेलेत का. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांची नजर नीलमच्या पोटाकडे होती, आणि पोट खरोखरच साडीच्या निऱ्या पुढे ढकलत होतं. नीलमने नुसती नाही म्हणून मान हलवली, डबा तसाच बंद केला आणि हात धुवायला उठली. मूल व्हावं म्हणून तिने आणि रविकांतने कऱ्हाडपासून पुण्यापर्यंत दवाखाने पालथे घातले होते. मग एका संध्याकाळी दोघांनी मिळून तो विषय कायमचा मिटवला होता. आता पोटातला वारा तो विषय चारचौघांत उघडत होता.

हे दुखणं इथे आल्यावर सुरू झालं. भांडार विभागात कामाची घाई, म्हणून जेवण चार घासांत उरकायचं. वरून चहा. दुपारी पोट ढोलासारखं ताणलं की ती बाटलीतला थंडगार लिंबू सोडा प्यायची. एक मोठा ढेकर यायचा, घटकाभर हलकं वाटायचं, आणि घरी पोचेपर्यंत पोट पुन्हा गच्च. गेल्या वर्षी कारखान्याच्या क्रीडादिनी बायकांच्या रस्सीखेचीत तिला दोराच्या शेवटच्या टोकाला उभं केलं होतं. गावाकडची, हाडापेराने मजबूत बाई म्हणून. शेवटच्या गड्याने दोर पाठीवरून घेऊन कमरेला आवळून धरायचा असतो. जेवणानंतरचा सामना, पोट फुगलेलं, त्यावर दोराचा दाब. कळ अशी आली की नीलमने दोर सोडला, आणि पुढच्या साऱ्या जणी एकमेकींवर कोसळल्या. तिला दोष न देता साऱ्या साड्या झटकून निघून गेल्या. तेच तिला जास्त लागलं.

'विशेषमा' झालं त्याच आठवड्यात ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासण्या केल्या. "आजार काही नाही," ते म्हणाले, "पण तुम्ही जेवता कुठे, गिळता. आणि हे फसफसणारं पिणं बंद करा."

मान्य करून ती बाहेर पडली, आणि सवयीने बाटली घेऊनच क्वार्टर्सचा जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावर वसंताक्का दारात बसल्या होत्या. त्यांचा मुलगा कारखान्यातच होता. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, आणि मराठी अशी, की नीलमला पहिल्यांदा ऐकताना जुनी पोथी कुणी तमिळ हेल काढून वाचतंय असं वाटलं होतं.

"तें बाटलींत काय गे?" वसंताक्कांनी विचारलं.

"सोडा. पोट फुगतं हो फार. ढेकर आला की बरं वाटतं."

"पोटांत वारं आहेच, वरून आणिक वारं ओतीतेस? आंत ये. मोर देतें."

मोर म्हणजे ताक, हे नीलमला पेला हातात आल्यावर उमगलं. तिच्या माहेरच्या ताकापेक्षा ते पुष्कळ पातळ होतं, जवळजवळ पाणीच. त्यात ठेचलेलं आलं, चुरडलेला कढीपत्ता, चिमूटभर हिंग आणि मीठ. ती एका दमात प्यायला लागली तेव्हा वसंताक्कांनी तिचं मनगट धरलं. "सावकाश. घोट घोट. पळून नाही जाणार."

त्या दिवशी चमत्कार काही झाला नाही. पोट होतं तसंच राहिलं. पण दुसऱ्या दिवशी वसंताक्कांनी जिन्यातच तिच्या हातात कोमट जिऱ्याचं पाणी ठेवलं, आणि मग ते रोजचंच झालं. सकाळी जिरं, दुपारी डब्यासोबत ताक, संध्याकाळच्या चहाऐवजी सुक्कु-मल्ली, म्हणजे सुंठ-धने आणि गूळ घालून केलेला काढा. त्याला वसंताक्का काफी म्हणायच्या, आणि त्यात काफी नसते हे नीलमने तोंडावर सांगितलेलं त्यांना आवडलं नव्हतं. जेवण जड झालंच तर ओव्याचं पाणी. डॉक्टरांचं सांगणंही तिने पाळलं. घास चावून खायचा म्हणून ती डबा पाच मिनिटं आधी उघडू लागली. सोडा सोडताना पहिले काही दिवस दुपार खायला उठायची. घसा त्या थंड झणझणाटासाठी तळमळायचा. मग तेही मागे पडलं.

एका सकाळी साडी नेसताना तिच्या लक्षात आलं की निऱ्या खोचताना पोट आत ओढावं लागलं नाही. तिने रविकांतला सांगितलं नाही. आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली, इतकंच.

क्रीडादिन जवळ आला तेव्हा ती आपणहून भव्याकडे गेली. भव्या भांडार विभागाच्या संघाची कप्तान, चणीने बारीक आणि आवाजाने दांडगी.

"मला शेवटचं टोक दे," नीलमने मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं.

भव्या चाचरली. "अक्का, राग मानू नका. गेल्या वर्षी..."

"गेल्या वर्षी मी दोर सोडला. म्हणूनच मागतेय."

भव्याने तिला नीट न्याहाळलं. "ठीक आहे. पण या वेळी कमरेने नाही, पायांनी जोर लावा."

मशीन शॉपच्या बायकांना कुणी कधी हरवलं नव्हतं. त्यांची त्रिपुरसुंदरी दोराला उभी राहिली की जमिनीतून उगवल्यासारखी दिसायची. सामना नेहमीप्रमाणे जेवणानंतर. मैदानाकडेच्या मांडवात बिर्याणी आणि बर्फात बुडवलेल्या बाटल्या. नीलमने सोबत स्टीलचा कॅन आणला होता. वसंताक्कांनी पहाटेच ताक घुसळून दिलं होतं.

"बाटल्या नकोत," ती आपल्या संघाला म्हणाली. "बिर्याणी अर्धीच घ्या. आजच्या दिवस माझं ऐका."

"ताक प्यालं की झोप येते," भव्या कुरकुरली.

"घट्ट प्यालं तर येते. हे बघ, यातून तुझा हात दिसतो."

सगळ्या हसल्या आणि प्यायल्या. पलीकडे मशीन शॉपमध्ये बाटल्यांची झाकणं उडत होती.

पहिली खेच मशीन शॉपने जिंकली. बघणाऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. दुसरी भांडारने घेतली, आणि बघणारे दोराजवळ सरकले. तिसऱ्या खेचीला दोन्ही संघ उभे राहिले तेव्हा ऊन डोक्यावरून कलत होतं. शिट्टी झाली. दोर ताठ झाला आणि तिथेच थांबला. ना इकडे, ना तिकडे.

नीलमने टाचा मातीत रोवल्या. दोर पोटावर आवळत गेला. ती त्या कळेची वाट पाहत होती, डोळे मिटून, दात आवळून. कळ आली नाही. आला तो श्वास, पोटाच्या तळापर्यंत गेलेला, भरदार. तिने डोळे उघडले. पलीकडच्या टोकाला त्रिपुरसुंदरीचं तोंड वाकडं झालं होतं. ती हात छातीशी न्यायला बघत होती आणि दोरामुळे नेता येत नव्हता. ढेकर अडला होता. हे दुखणं नीलमला चांगलं माहीत होतं. तिला क्षणभर कीव आली. क्षणभरच.

"इळू," भव्या ओरडली. ओढा.

नीलम मागे रेलली. एक पाऊल. मग आणखी एक. पुढच्या सात जणींचं वजन तिला दोरातून अंगात उतरल्यासारखं जाणवत होतं. मधला लाल फडका हलला, थबकला, पुन्हा हलला, आणि मग सरसर त्यांच्या बाजूला आला. मशीन शॉपच्या बायका खाली बसल्या. नीलम उभीच होती. दोर अजून तिच्या मुठीत होता. तो सोडायचं तिला सुचत नव्हतं. भव्याने येऊन तिची बोटं एकेक करून उघडली, आणि मग साऱ्या जणींनी तिला उचललं. एवढ्या बायकांनी उचलण्याइतकी आपण हलकी आहोत हे तिला त्या दिवशी कळलं.

कुंपणाशी उभ्या वसंताक्का पदराने चष्मा पुसत होत्या. "माझी मुलगी," त्या शेजारच्या अनोळखी बाईला तमिळमध्ये सांगत होत्या, आणि रविकांत बाजूलाच उभा राहून टाळ्या वाजवत होता.

त्रिपुरसुंदरी घाम पुसत आली. तिने नीलमचा हात दाबला आणि कॅनकडे बोट दाखवलं. "उरलंय?"

"पेलाभर उरलंय. सावकाश प्या."

मैदान रिकामं होत गेलं. तळहात सोलवटले होते, खांदे ठणकत होते, आणि नीलमला एक वेगळीच गोष्ट जाणवत होती. तिला भूक लागली होती. सडकून, सरळ, साधी भूक. कितीतरी दिवसांत अशी लागली नव्हती.

"चला," तिने सगळ्यांना हाक दिली, "स्टेशनजवळ गरम डोसे मिळतात. मी दोन खाणार आहे."