शेवटच्या खिडकीतला मळका पत्रा

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा एक जुना पत्रा आहे. जुना म्हणजे तीन आठवड्यांचा. आमच्या कुळात इतकं कुणी जगत नाही. तुमच्या एका केसाचे दहा पापुद्रे काढा, त्यातल्या एकाइतकी माझी जाडी. मधोमध भोक आहे, पण बोलायला अडचण येत नाही. तोंड हेही भोकच.

लाटून लाटून मला पातळ केलं आणि चोवीस खिडक्यांच्या चौकटीत शेवटच्या खिडकीत ताणून बसवलं. चौकट पोलादी पिंपात गेली. पंपांनी हवा ओढून घेतली. भोंगा वाजला, माणसं जाड भिंतीआड गेली आणि लेझरचा झोत पहिल्या पत्र्यावर पडला. अशा वेळी पत्र्यातले इलेक्ट्रॉन मागच्या बाजूने पळ काढतात आणि पाठीवरचे प्रोटॉन त्यांच्यामागे सुसाट ओढले जातात. प्रोटॉन लागले की मागे लावलेली थराथरांची फिल्म निळी होते; प्रोटॉन जितके जोरदार, तितके जास्त थर. पत्रा फुटतो. ज्याला घाबरून माणसं भिंतीआड जातात, त्याच्यासमोर आम्हाला बसवतात, हे मला तेव्हाच खटकलं.

प्रयोग ताईंचा, म्हणजे इथल्या संशोधक बाईंचा होता. तीन वर्षं थांबून त्यांना हे लेझर दोन दिवसांसाठी मिळालं होतं. फिल्म निळी झाली नाही, तर पुन्हा रांगेत शेवटी.

तेवीस भोंगे वाजले. तेवीस शेजारी गेले. फिल्म कोरीच. प्रत्येक भोंग्याला मी थरथरत होतो. थरथरू नये असं ठरवलं, पण इतक्या पातळ अंगाला ठरवणं झेपत नाही.

ताई पिंपाच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. लेझर चालवणारे दादा मागून म्हणाले, "ताई, चौकटीचा हीटर कुणी लावला?"

"मी," टापटीप म्हणाले. पिंप सांभाळणाऱ्या या तंत्रज्ञांना सगळे टापटीपच म्हणत. "पत्र्यांवर ओल होती, तेलकट डाग होते. तापवून स्वच्छ केले. तीस वर्षांत घाणेरडं काम माझ्या हातून गेलेलं नाही."

"अहो, त्या मळातल्या हायड्रोजनमधूनच तर प्रोटॉन येतात," ताई हळूच म्हणाल्या. "तुम्ही माझा प्रयोगच पुसून काढलात."

दादांनी काचेतून बोट दाखवलं. "शेवटच्या खिडकीपाशी हीटरची तार तुटलीय. हा तापलाच नाही."

"म्हणजे मळका आहे?"

"तुमच्या टेबलाइतका."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, माझ्याकडे कुणी इतक्या प्रेमाने पाहिलं नव्हतं, आणि मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

भोंगा वाजला. पुढचं मला पांढरं आठवतं. पाठीवरचा मळ, ज्याची मला आयुष्यभर लाज वाटली, माझ्याआधी निघून गेला.

ताईंनी फिल्म उजेडात धरली. एकामागोमाग पाच थर निळे. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्या नाहीत.

हल्ली मी त्यांच्या कपाटात एका उघड्या डबीत असतो. माझ्या कडेला अजून थोडा मळ आहे, आणि टापटीप रोज सकाळी फडकं घेऊन येतात. परवा त्यांचा हात डबीपर्यंत आला. तेव्हा मित्रांनो, एवढंच करा: काहीही पुसण्याआधी, ते कुणाच्या कामाचं आहे ते विचारा. आणि कृपा करून मोठ्याने विचारा, कारण पावलं जवळ येताहेत.