सायलेन्सरची जाळी

मागे राहायचा मला भारी राग आहे. टपरीवर माझ्या आधी दुसऱ्याला चहा मिळाला तरी माझं डोकं फिरतं. आणि हाती गाडी आली ती अशी, की येडशीच्या चढावर शेळ्यांनीसुद्धा पुढे जाऊन वळून बघावं.

ही पिकअप आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वीस वर्षं त्यांनी चालवली. गुडघे गेले तशी दोन वर्षांपूर्वी किल्ली माझ्याकडे आली. मुरुमहून तुरीच्या डाळीची पोती तेरखेड्यापुढच्या वाशीला टाकायची आणि परतताना तेरखेड्याला मथुराबाईंच्या कारखान्यातून फटाके भरायचे, हा आमचा दिवाळीआधीचा धंदा. मथुराबाईंचा नियम साधा: जो आधी येईल त्याला पूर्ण भरण. मी पोचायचे तोवर आमच्याच वाटेवरचा ड्रायव्हर गुंडप्पा खोकी बांधून तंबाखू मळत बसलेला असायचा. उरलेली आठ-दहा खोकी माझ्या वाट्याला.

"श्रावस्ती, आज निघालीस का काल गं?" असं तो विचारायचा आणि बाकीचे ड्रायव्हर खिदळायचे. यंदा पहिलं भरण माझंच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मुरुमच्या शिवपुत्र मिस्त्रीने भंगारातून एक सुपरचार्जर आणला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि आत जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की डिझेल वाढवता येतं, डिझेल वाढलं की ताकद. तो गाडीला बसवून घ्यायला मी तीन दिवस त्याच्या गॅरेजात येरझाऱ्या घातल्या.

"अक्का, एका जागी बसा की जरा," तो म्हणाला. "तुमच्याकडं बघून माझा पाना बी निसटायलाय."

तिसऱ्या दिवशी तो गाडीखालून बाहेर सरकला. "सायलेन्सरला ही जाळी कशाला वो? धूर तुंबायलाय. ही हाय तोवर ताकद न्हाय."

जाळी आबांची. काजळीची पेटती ठिणगी बाहेर पडू नये म्हणून बसवलेली. मला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

"कापा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी येडशीचा चढ लागला तेव्हा नीट उजाडलं नव्हतं. मागे डाळीची पोती, पुढे गुंडप्पाची गाडी. मी पाय दाबला. इंजिन असं ओरडलं की मीच दचकले, आणि बघता बघता गुंडप्पा मागे पडला. मी हॉर्न वाजवत, मोठमोठ्याने हसत चढले. मग आरशात पाहिलं. माझ्या गाडीमागे लाल ठिणग्या उडत होत्या. पाय उचलला, थांबल्या. पुन्हा दाबला, पुन्हा उडाल्या.

वाशीला पोती उतरवताना मी स्वतःशीच भांडत होते. हळू चालवीन. ताडपत्री घट्ट बांधीन. चढावर पाय दाबणारच नाही. गेली दोन वर्षं कासवासारखी आलेच की! तेरखेड्याला पोचेपर्यंत माझं मलाच जवळजवळ पटलं होतं.

फाटकाशी माझ्यापुढे कोणीही नव्हतं.

तिथे एक रीत आहे. काडेपेटी आणि मोबाइल टोपलीत टाकायचा. मग जुन्या धोतराचा तुकडा काठीला बांधून सायलेन्सरमागे धरतात आणि ड्रायव्हरने चार वेळा जोरात रेस करायची. कापडाला भोक पडलं की त्या गाडीला त्या दिवाळीत भरण नाही. मथुराबाईंचा धाकटा भाऊ गाडी भरताना भाजून गेला, तेव्हापासून हे सुरू झालं. फक्त आबांच्या गाडीला कापड कधी लागलं नाही. आबाराव जाळीशिवाय गाडी आणायचा नाही, अशी मथुराबाईंची खात्री.

"आगं, पयली आलीस की!" मथुराबाई हसत आल्या. "घाल आत. आबाचं गुडघं काय म्हन्त्यात?"

"बरं हायती, मावशी."

आतून दोन बाया डोक्यावर खोकी घेऊन निघाल्या. मागे गुंडप्पा येऊन थांबला. मला ते भरण हवंच होतं. हात गिअरवर होता. नुसती गाडी पुढे घ्यायची होती.

"मावशी, कापड लावा."

"तुज्या गाडीला? येडी का काय?"

"लावा म्हन्ते ना!" मी खेकसलेच. त्यांच्या त्या विश्वासाचाच मला राग आला होता.

मी चार वेळा रेस केली. त्यांनी कापड उजेडात धरलं. तीन भोकं होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"भाईर काढ," एवढंच म्हणाल्या.

पूर्ण भरण गुंडप्पाला मिळालं. तो हसला नाही, हे त्याहून वाईट. मी मोबाइल उचलला, रिकामी गाडी घेऊन निघाले आणि येडशीला टपरीजवळ थांबून आबांना फोन लावला. जाळीपासून भोकांपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. रडत होते की ओरडत होते, कोण जाणे.

"म्हंजी तूच कापड लावाया सांगितलं?" आबांनी विचारलं.

"व्हय. आता बोला काय बोलायचं ते."

मी दोनदा हॅलो, हॅलो केलं.

"एका दिवाळीला जाळी गळून पडली हुती," आबा म्हणाले. "ऐन हंगामात. नवी बसवायची तर दोन दिस गाडी उभी ऱ्हायली असती. म्या तशाच खेपा केल्या."

"आन् मथुरामावशी?"

"ती म्हनायची, आबाराव, घाला आत. म्या घालायचो."

मला त्यांचा संताप आला. त्या दिवाळीतल्या त्या बाया, ती खोकी, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी टपरीच्या बाकावर बसले.

"पोरी," ते म्हणाले, "मथुराबाईचा नंबर दे मला. तिलाबी हे सांगाया पायजे."