मालकांच्या आवाजातलं वचन

आजवर माझ्यातून सगळं गाव बोललं, आज जरा माझं ऐका. मी भोंगा. सभेच्या वेळी खांबावर चढवतात ना, पत्र्याच्या रुंद तोंडाचा, तोच. फार काही वाटून घ्यायची मला सवय नाही. आवाज आला की पुढे ढकलायचा, एवढंच आमचं काम. तेव्हा सांगताना माझा सूर कुठे चढला-उतरला नाही, तर राग मानू नका.

एका कारखान्यात पत्रा दाबून मला तोंड दिलं, करडा रंग फासला आणि खोक्यात भरलं. तिथून मालकांनी आणलं. मालकांचा धंदा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. फळीवर मी, खाली वायरींची भेंडोळी, आणि मधल्या दारातून सरळ स्वयंपाकघर दिसायचं.

सुरुवातीची कामं साधी होती. उद्या नळाला पाणी नाही, शाळेच्या मैदानावर शर्यती आहेत, लाल सदऱ्यातला मुलगा सापडलाय, आईनं मंचाकडे यावं. आई धावत यायची, आधी एक धपाटा घालायची आणि मग कवटाळायची. माणसांची ही रीत मला कधी कळली नाही.

मालकांचा आवाज खणखणीत. "घरात तोंडात मिठाची गुळणी आणि माइक दिसला की धबधबा," असं मालकीणबाई म्हणायच्या. पण नवऱ्याच्या आवाजावर बाईंचा भारी भरवसा. मालकांनी पाणी येणार नाही असं पुकारलं की बाईंची भांडी भरून तयार. शेजारणी म्हणायच्या, "अहो, कधीकधी येतंसुद्धा." बाई म्हणायच्या, "यांनी सांगितलंय ना, मग नाही येत."

त्यांना एकुलता एक मुलगा. नाव पडलं होतं छोटू, पण दारातून आत येताना वाकावं लागायचं. तो फौजेत होता. त्याची नोकरीची मुदत संपत आली होती. पुढची मुदत घ्यायची, नाहीतर घरी येऊन हे वायरींचं जंजाळ सांभाळायचं, असे दोन रस्ते त्याच्यापुढे होते.

त्याच सुमाराला समुद्रापलीकडे लढाई पेटली आणि इकडे निवडणूक लागली. घरोघरी एकच प्रश्न. आपली पोरं तिकडे पाठवणार का? निवडणुकीला उभ्या राहिलेल्या साहेबांनी मैदानावर माझ्यातूनच सांगितलं, "तुमचा एकही मुलगा समुद्रापलीकडे लढायला जाणार नाही. हा माझा शब्द आहे." टाळ्या थांबेनात. रोजच्या सभांनी साहेबांचा घसा मात्र पार बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रचारप्रमुख दुकानात आला. म्हणाला, "काका, तेवढं वाक्य तुमच्या आवाजात भरून द्या. गल्लोगल्ली फिरवू."

रस्त्यावर गोंगाट, म्हणून मालकांनी स्वयंपाकघरात बसून ते भरलं. मध्येच बाईंच्या हातून झाकण पडलं. मालक पुन्हा भरायला निघाले, तर प्रमुख म्हणाला, "राहू द्या हो. घरगुती वाटतंय, तेच बरं."

मग मला टेम्पोवर बांधून, मालकांना बरोबर घेऊन त्यांनी दिवसचे दिवस गाव पालथं घातलं. बायका खिडकीत येऊन ऐकायच्या. म्हणायच्या, "हा तर आपल्या लाउडस्पीकरवाल्यांचा आवाज. त्यांचाच मुलगा फौजेत आहे. ते कशाला खोटं बोलतील?" प्रमुखाला हे आधीच कळलं होतं. मालकांना कळलं नाही. आपल्याच आवाजात एकच वाक्य दिवसभर ऐकून ऐकून त्यांना ते स्वतःचंच वाटायला लागलं होतं.

छोटू रजेवर आला तेव्हा वायरी गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, "बाबा, काय करू? येऊ का परत?"

"घे की पुढची मुदत. बाहेर कुणी पाठवत नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अरे, दिवसभर मी तेच तर सांगतोय लोकांना."

छोटू हसला. "बाबा, ते तुम्ही सांगताय. मी विचारतोय, तुम्हाला कुणी सांगितलं?"

मालकीणबाईंच्या मनात त्यानं परत यावं असंच होतं. पण त्या आतून म्हणाल्या, "यांनी सांगितलंय म्हणजे झालं. वाद घालू नकोस." छोटूनं सही केली.

साहेब निवडून आले. हिवाळ्यात पुन्हा त्याच मैदानावर मला चढवलं. साहेबांचा घसा आता मोकळा झाला होता. म्हणाले, "तो शब्द तेव्हाच्या परिस्थितीत दिला होता. आज घर राखायचं असेल तर घराबाहेर जाऊनच लढावं लागेल." याही वाक्याला टाळ्या पडल्या. माझ्या पत्र्याला दोन्ही वाक्यं सारखीच लागली. मालक मात्र हातात वायर धरून तसेच उभे राहिले, सभा उठली तरी.

छोटूचा फोन आला. "बाबा, आम्हाला हलवतायत. कुठे ते सांगता येत नाही."

"आईला काय सांगू?"

"सांगा काहीतरी. तुमचं ती ऐकते."

ज्यांची पोरं तिकडे लढायला गेली त्या बायका आमच्या दाराशी यायला लागल्या. साहेबांच्या दाराशी पहारा होता, आमच्या दाराला साधी कडी. एक शिवणकाम करणारी बाई नुसतीच उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "भाऊ, मी काही भांडायला आले नाही. तेव्हा सांगितलंत तसं एकदा परत सांगा. बरं वाटतं ऐकायला." त्या दिवसापासून मला कुणी मागायला आलं की मालक 'बिघडलाय' म्हणतात. मी धडधाकट आहे.

मग एका दुपारी दोन अधिकारी आले. दोघं अगदी हळू बोलले. छोटू राहिला नाही, त्याला तिकडेच पुरलंय, असं त्यांनी सांगितलं. मालक भिंतीला टेकले. बाईंनी पाहुण्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर म्हणाल्या, "अहो, ही परकी माणसं. यांना काय ठाऊक आपला छोटू कोणता? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात तर मी मानीन."

गावभर पुकारत फिरलेला तो माणूस. त्यांनी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. बाई वाट बघत होत्या. मालक म्हणाले, "येईल."

साहेबांच्या माणसांना शोकसभेसाठी मी हवा होतो. मालकांनी नाही म्हटलं, त्यांनी दुसरा आणला. गावात भोंग्यांना काय तोटा?

हल्ली मी फळीवर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. तोंडात कोळ्यानं घर केलंय, त्याचा मला त्रास नाही. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. कुणाचा शब्द आपल्या तोंडानं सांगायची वेळ आली, तर त्या शब्दावर पोरगा कुणाचा जाणार, हे आधी विचारून घ्या. मला विचारायची सोय नव्हती. तुम्हाला आहे.

मालकांना आपल्याच आवाजाची भीती वाटते. ते बोलून दाखवणार नाहीत, म्हणून मी सांगतो. आज सकाळीच बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, येईल ना हो आज?"

"येईल," मालक म्हणाले. आवाज तसाच, खणखणीत.

बाईंनी तिघांचं पीठ मळायला घेतलं.