दगडगाडीची सवारी

लीलाताईंनी पदर खोचला, लोखंडी डब्याची कड धरली आणि चढण्याआधी धाकट्या भावाला बजावलं, "दौलत, पिशवी सांभाळून दे रे. कालचे पेरू सगळे दबले."

दौलतसिंहांनी पिशवी वर दिली आणि रस्त्याकडे पाहिलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांची जीप अजून दिसत नव्हती.

संस्थानची छोटी आगगाडी दिल्लीच्या सरकारात गेली आणि दौलतसिंहांच्या मागे साडेसाती लागली. घराणं शिपाईगिरीचं, तलवारीचे दिवस संपल्यावर हे गार्ड झाले, आणि तेही काय ऐटीत! नव्या व्यवस्थेत त्यांच्या वाट्याला आली ती दगडगाडी. डोंगरातून कालव्याचा बोगदा खणत होते. तिथला दगड उघड्या डब्यांतून आणायचा आणि पडाव वस्तीच्या पलीकडे भरावावर ओतायचा. कडी काढली की डबा कलंडे. तेही त्यांनी गोड मानून घेतलं होतं. पण वरून निरोप आला, जिथे सवारी, म्हणजे प्रवासी नाही, तिथे गार्ड कशाला? साहेब येऊन बघतील आणि जागा काढून टाकतील.

"सवारी नाही, तर आणू," दौलतसिंह जेवताना म्हणाले आणि वाढायला आलेल्या बहिणीकडे बघत राहिले.

"मी? दगडांबरोबर?" लीलाताई उसळल्या. "आपल्या जयेंद्रगंज पेठेत तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"ताई, माझ्या पोटावर पाय येतोय हो."

मग काय करतात! आल्या. पहिल्या दिवशी डोळे मिटून, देवाचं नाव घेत. दुसऱ्या दिवशी बसायला मखमली उशी आणली. आठवडा उलटला नाही तोच ड्रायव्हर कान्होजीला ओरडायला लागल्या, "अरे, जरा तेज हाक की! बैलगाडी आहे का?" बोगद्याच्या तोंडाशी दगड भरणाऱ्या बायकांशी त्यांची गट्टी जमली. कोणाच्या बाळाला दात येताहेत, कोणाची सासू छळते, सगळी खबरबात घरी येऊ लागली. नवरा गेल्यापासून लीलाताईंचं जग म्हणजे घर आणि बाड्याच्या चौकाजवळचं देऊळ. आता त्या भाकरी थापताना गुणगुणायला लागल्या होत्या. दौलतसिंहांना ते ऐकू येत होतं, पण कारण शोधण्याच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांच्या डोक्यात साहेब होता.

आणि साहेब आले. सक्सेना नाव, कडक इस्त्री, डोक्यावर टोप.

"ये कौन हैं?"

"सवारी है, हुजूर!" दौलतसिंहांनी खाडकन सलाम ठोकला. "रोज जाती हैं."

साहेब डब्यापाशी गेले. "माताजी, टिकट?"

काय बोलायचं ते दौलतसिंहांनी ताईंकडून घोकून घेतलं होतं. बोगद्यावर कामाला जाते, एवढंच. नातं काढायचं नाही. लीलाताईंनी उशीवरून साहेबांना नखशिखान्त न्याहाळलं.

"टिकट काहे का? अपने भाई की गाड़ी है. घ्या, अमरूद खाओ." आणि त्यांनी पिशवीतला पेरू साहेबांच्या हातात ठेवला.

मेलो, ठार मेलो! दौलतसिंहांच्या पायांखालची जमीन सरकली. तिकडे कान्होजीने हसू लपवायला इंजिनाची शिट्टी वाजवली.

साहेब लालबुंद झाले. "पत्थर के डिब्बे में औरत? डिब्बा पलट गया तो कौन ज़िम्मेदार?" पुष्कळ आरडाओरडा झाला. मग एकाएकी ते थांबले आणि सबंध गाडीवर त्यांनी नजर फिरवली. "इस पर तो कोई भी चढ़ जाएगा! यहाँ गार्ड होना ही चाहिए. तुम रहोगे. और तुम्हारा एक ही काम, कोई सवारी चढ़ने न पाए. समझे?"

हातातला पेरू खिशात घालून साहेब निघून गेले.

दौलतसिंह बाड्यावरून पेढे घेऊनच घरी शिरले. "ताई, नोकरी राहिली! आता तुम्हाला उन्हातान्हात यायला नको. सुटलात एकदाच्या."

"हो, सुटले," लीलाताई म्हणाल्या. पेढे देवापुढे ठेवून त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात नुसती भांडी वाजत राहिली. दौलतसिंहांना पेढा काही गोड लागेना. आपण आपली भाकरी वाचवली आणि ताईंचं काय घालवलं, हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि उपाय सुचत नव्हता.

सकाळी ते गाडीपाशी उभे असताना लीलाताई तरातरा चालत आल्या.

"ताई, हे काय? मला तुम्हाला अडवावं लागेल!"

"मग अडव की. त्यासाठीच तर आले."

"म्हणजे?"

"अरे, मी चढायला आलेच नाही, तर तू अडवणार कोणाला? उद्या तो टोपवाला पुन्हा येईल आणि म्हणेल, इथे कोणी चढतच नाही, मग गार्ड कशाला?"

दौलतसिंहांनी डोकं खाजवलं. बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. ते डब्यासमोर ताठ उभे राहिले, एक हात आडवा पसरला आणि कान्होजीलाही ऐकू जाईल अशा सरकारी आवाजात म्हणाले, "इस गाड़ी पर चढ़ना मना है!"

"ऐकलं," लीलाताई म्हणाल्या, आणि त्याच आडव्या हाताचा आधार घेऊन वर चढल्या.