हॅक्सलबीची तीन कुलपांची पेटी

हॅक्सलबीच्या चर्चमध्ये, वेदीच्या डाव्या बाजूच्या दगडी खोलीत असलेली ओकची पेटी मी बोलते आहे. पेटी म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे दागिन्यांची नाजूक, पितळी कड्यांची वस्तू आली असेल, तर ती कृपया बाजूला ठेवावी. मी एका अखंड बुंध्यातून कोरून काढलेली आहे. मला सांधा नाही. चार माणसांनी मला उचलायचे मनावर घेतले, तर त्यांतील एकाची कंबर हमखास धरते.

माझा जन्म राजाज्ञेमुळे झाला. प्रत्येक गावाने आपल्या माणसांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने एका वहीत लिहावीत, ती वही मजबूत पेटीत ठेवावी आणि त्या पेटीला एकाहून अधिक कुलपे असावीत, असा हुकूम सुटला. हॅक्सलबीने मला तीन कुलपे बसवली. एक किल्ली पाद्र्याकडे, उरलेल्या दोन चर्चच्या दोन कारभाऱ्यांकडे. तिघे एकत्र आल्याशिवाय माझे झाकण हलत नसे. राजाचा माणसांवर विश्वास नव्हता, असे काही जण म्हणतात. राजाला माणसे ठाऊक होती, असे मी म्हणते.

उंदरांनी मला कुरतडून पाहिले, पण दात त्यांचेच पडले. छपरातून पाणी ठिबकले, तेही मी अंगावर घेतले आणि आत जाऊ दिले नाही. या गावातील श्रीमंतांची आणि भिकाऱ्यांची नावे एकाच शाईत, एकमेकांना खेटून माझ्या पोटात निजली होती. हे मी कर्तव्य म्हणून केले. तरीही त्याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

पहिली अनेक वर्षे लोक माझ्याकडे केवळ लिहिण्यासाठी येत. वाचण्यासाठी येऊ लागले ते पुष्कळ नंतर. माणसाची ही सवय मी पाहिली आहे: आजोबा जिवंत असतात तेव्हा त्यांच्याशेजारी बसायला कोणाला सवड नसते, आणि ते गेले की त्यांना शोधायला गावेच्या गावे पालथी घातली जातात.

डॉर्कस पिनॉक या विधवेला मात्र हौसेपायी पूर्वज शोधायचे नव्हते. १८६२ सालची ही गोष्ट.

गावाच्या खालच्या अंगाला ओळीने सहा धर्मार्थ घरे होती. उर्सुला हॅडल्सी नावाच्या एका अविवाहित बाईने ती फार पूर्वी बांधून दिली होती. एकेक खोली, एकेक चूल आणि दारापुढे वाफाभर बाग. अट एवढीच, की रिकाम्या झालेल्या खोलीवर पहिला हक्क बाईच्या भावाच्या औरस वंशजांचा. तसा कोणी नसेल, तर गावातील गरजू वृद्धांपैकी पुढच्या क्रमांकाचा. त्या वर्षी एक खोली रिकामी झाली. डॉर्कसचा नवरा वारला होता, तिचे घर मालकाने परत मागितले होते आणि खोली न मिळाल्यास तिला गरीबखान्यात जावे लागणार होते. तेथे अंगावरचे कपडे सरकारी आणि चहासुद्धा दुसऱ्याच्या घंटेवर. आपली आजी... नव्हे, आजोबांची आई फिलाडेल्फिया ही त्या भावाची मुलगी, असे डॉर्कस लहानपणापासून ऐकत आली होती. पण ऐकीव गोष्टीवर विश्वस्तांचे वकील खोली देत नाहीत.

पाद्री थिओफिलस टॅलिस यांनी शोध हाती घेतला. डॉर्कसच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला सरकारी निबंधकाच्या कचेरीतून अर्ध्या दिवसात मिळाला. तिचे लग्न, आणि वडिलांच्या नावासह तिचा बाप्तिस्मा, माझ्याच वह्यांत होते. पण तिचे वडील रूबेन कोठेच सापडेनात. रूबेन जन्मला तेव्हा निबंधकाची कचेरी अस्तित्वातही नव्हती, आणि माझ्या वह्यांत त्याचे नाव नव्हते. पाद्रीसाहेब आठवडेच्या आठवडे पाने उलटत राहिले.

अखेर त्यांचे घर सांभाळणारी त्यांची थोरली बहीण, मिस युफेमिया, खोलीच्या दारातून म्हणाली, "थिओफिलस, पहिलं बाळंतपण कुठे होतं?"

"घरी."

"कुणाच्या घरी? तुम्हा पुरुषांना वाटतं, मूल नवऱ्याच्या दारात उगवतं. रूबेनच्या आईच्या माहेरच्या गावी जाऊन बघ."

पाद्री गेले. टेकडीपलीकडील चर्चच्या वहीत रूबेन होता, बापाच्या नावासकट. बापाचे नाव ॲम्ब्रोज गार्लिक. आता एकच कडी उरली होती. ती माझ्या सर्वांत जुन्या वहीत होती, आणि मला ती पाठ होती.

तीन किल्ल्या जमल्या. कारभाऱ्यांपैकी एक होता खोगीर शिवणारा नोआ ब्लाय, आणि दुसरा गिरणीवाला जोसाया थॅक्रा. थंडी कडाक्याची होती, मेणबत्ती विझू पाहत होती. पाद्रीसाहेबांनी बोट फिरवत दोन ओळी शोधल्या, त्या एका कागदावर उतरवल्या आणि वही मिटली. कागद वकिलांकडे गेला. उत्तर चार दिवसांत आले: फिलाडेल्फिया हॅडल्सी आणि एबल गार्लिक यांचा विवाह जून १७२३. त्यांचा मुलगा ॲम्ब्रोज याचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२३. मूल विवाहाच्या आधीचे, म्हणून अनौरस. सबब हक्क नामंजूर. अंतिम निर्णय येत्या सोमवारच्या बैठकीत.

मला वाचा असती, तर त्या दिवशी मी चर्चची घंटा होऊन वाजले असते.

बातमी गावभर झाली. डॉर्कस पाद्रीसाहेबांना भेटायला थेट माझ्या खोलीत आली. रडली नाही. हातमोजे काढून माझ्यावर ठेवले आणि म्हणाली, "सत्तरी गाठली आणि मला आजोबांची ही बातमी कळली. आता तोंड कुठे ठेवू, साहेब? खिशात?"

पाद्रीसाहेब काहीतरी सांत्वनाचे बोलू लागले. तिने त्यांना थांबवले. आपण लहान असताना आजोबा मांडीवर घेऊन एकच गोष्ट सांगत, असे ती म्हणाली: त्यांची आई वाळल्या गवताच्या गाडीत बसून लग्नाला गेली, आणि ते स्वतः आले पुढच्या बर्फात. "माणूस खोटं बोलतो ते मोठेपणासाठी. गवताच्या गाडीसाठी कोण खोटं बोलेल?"

मिस युफेमिया तेथेच फुले लावत होती. तिने फुलदाणी खाली ठेवली. "थिओफिलस, त्या बाप्तिस्म्याच्या ओळीच्या वर काय लिहिलं होतं?"

"वर? दुसऱ्याच कुणाचं तरी."

"कुणाचं? कुठल्या महिन्यातलं?"

"ते मी पाहिलं नाही."

"मग वाचलंस तरी काय? मी दुकानाची पाटीसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचते. पुन्हा उघड."

पुन्हा उघडणे सोपे नव्हते. ब्लाय लगेच आला. थॅक्रा आला नाही. पुढचा क्रमांक त्याच्या सख्ख्या मावशीचा, केझाया लंबर्टचा होता. डॉर्कसचा हक्क फेटाळला गेला, की खोली मावशीची. गुरुवारी त्याने निरोप पाठवला, की किल्ली सापडत नाही. शुक्रवारी गिरणीत धान्य होते. गाव हसत होते. थॅक्राच्या किल्लीला पाय फुटले असून ती मंगळवारी आपणहून परत येईल, असे कोणीतरी म्हटल्याचे ब्लायने येऊन सांगितले. कुलूप फोडावे, असेही सुचवून पाहिले. पाद्रीसाहेब नाही म्हणाले. फोडलेल्या पेटीतून निघालेल्या वहीवर वकील कशाला विश्वास ठेवील? त्यांच्याबद्दलचा माझा राग तेथे बराच ओसरला. मात्र माझ्या ज्या कुलपांचा मला एवढा अभिमान, तीच एका निरपराध म्हातारीला गरीबखान्याकडे लोटत होती. ते दोन दिवस मला माझे वजन जाणवले.

शनिवारी दुपारी पाद्रीसाहेब, मिस युफेमिया, ब्लाय आणि डॉर्कस माझ्याभोवती वाट पाहत असताना दार उघडले. थॅक्रा आत आला, आणि त्याच्या दंडाला धरून केझाया मावशी. कोणी कोणाला आणले होते, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते.

"जिन्याखाली सापडली," थॅक्रा म्हणाला.

"जिन्याखाली नाही," मावशी म्हणाली. "ह्याच्या गळ्यात होती. शर्टाच्या आत."

"मावशी, मी तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी? उद्या सगळं गाव म्हणेल, केझायाला खोली किल्लीनं मिळाली. त्या चुलीवर माझा चहा उकळायचा नाही, जोसाया. लाव ती."

मग ती डॉर्कसकडे वळली. दोघींचे चाळीस वर्षे एका कोंबड्यावरून बोलणे नव्हते. "माझ्याकडे अशी बघू नकोस. मी तुझ्याकरता आलेली नाही."

"मला तसं वाटलंही नाही," डॉर्कस म्हणाली, आणि बाकावर तिला जागा करून दिली.

तिन्ही कुलपे उघडली. त्या जुन्या काळी बाप्तिस्मे, विवाह आणि दफने एकाच वहीत, जशी घडतील तशी एकाखाली एक लिहीत. मिस युफेमियाने पान प्रकाशाकडे धरले आणि वरून खाली मोठ्याने वाचू लागली. एप्रिल १७२३. मे. जूनमध्ये फिलाडेल्फियाचा विवाह. मग सुगीतले एक दफन. ऑक्टोबर. डिसेंबर १७२३. त्याखाली जानेवारी १७२३. त्याखाली फेब्रुवारी १७२३, ॲम्ब्रोज, एबल गार्लिक आणि त्याची पत्नी फिलाडेल्फिया यांचा पुत्र. आणि मार्चच्या अखेरीस, ओळ सोडून, ठळक अक्षरांत: १७२४.

पाद्रीसाहेब हळूच माझ्या कडेवर टेकले.

"त्या काळी नवं वर्ष मेरीमातेच्या सणाला लागायचं," ते म्हणाले. "पंचवीस मार्चला. जानेवारी-फेब्रुवारी हे वर्षाचे शेवटचे महिने. हे मला ठाऊक होतं, युफेमिया. मी परीक्षेत लिहिलं होतं. आणि दोन ओळी उतरवताना डोक्यात आलंच नाही."

"म्हणजे लग्न आधी," ब्लाय म्हणाला.

"लग्न जूनमध्ये, गवत वाळतं तेव्हा. मूल त्यानंतरच्या फेब्रुवारीत."

डॉर्कसने वहीकडे पाहिले. तिला वाचता येत नव्हते. तिने विचारले, "आजोबांचं नाव कुठे आहे?" मिस युफेमियाने तिचे बोट धरून त्या ओळीखाली ठेवले. ते बोट तेथे बराच वेळ होते. ओळीवर हात लावलेला मिस युफेमियाला मुळीच खपत नसे, पण त्या दिवशी तिने स्वतःच पान धरून ठेवले.

सोमवारी वकील स्वतः आले. चष्मा लावून त्यांनी ते पान दोनदा वाचले, खोकले, आणि खोली डॉर्कसची झाली. गावकऱ्यांनी थॅक्राला वर्षभर चिडवले, पण कारभारी त्यालाच ठेवले. पुढच्या हिवाळ्यात ओळीतील आणखी एक खोली रिकामी झाली, ती केझायाला मिळाली. त्यानंतर हातपंपावर आधी कोणाची बादली, यावरून दोघींचे जे चालले, ते ऐकायला मुले मुद्दाम थांबत, असे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे.

आज मी रिकामी आहे. माझ्या वह्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात गेल्या, तेथे त्यांना कोरडी हवा आणि मऊ उशी मिळते. त्यांच्या प्रत्येक पानाचे चित्र म्हणे काचेवर दिसते, सातासमुद्रापलीकडेही. मला त्याचे वाईट वाटत नाही. मुली चांगल्या घरी पडल्या, अशीच माझी भावना आहे. माझ्यावर आता प्रार्थनेची पुस्तके असतात, आणि लग्नाच्या दिवशी एखादा दमलेला काका बसतो.

तरीही दूरदूरची माणसे येतात. पणजोबा सापडत नाही, पणजीचे माहेर कळत नाही, अशी त्यांची तक्रार असते. काचेवर नाव टाकले, की एक ओळ उचलून हाती येते. तिच्यावरून कोणी आनंदतात, कोणी पूर्वजाला नावे ठेवून मोकळे होतात. त्यांना माझे एवढेच मागणे आहे. आपल्या माणसाला ओळीतून एकटे उपटून काढू नका. त्याच्या आधी कोणाला पुरले, त्याच्यानंतर कोणाचे बारसे झाले, तेही वाचा. तो हरवलेला नसतो. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांमध्ये, ज्या क्रमाने जन्मला त्याच क्रमाने उभा असतो. तो क्रम मी शेकडो वर्षे मोडू दिला नाही. आता तो तुमच्या हाती आहे.