गरुडाने मान खाली घातली

मित्रांनो, मी एक जुना रोड रोलर. अंगाने दहा टन, बुद्धीने बेताचाच. थायलंडात, मून नदीकाठच्या सरकारी रस्त्यांवर मी तीस वर्षं खडी दाबली. माझा चालक थोंगदी कामाचा हुकूम माझ्या काचेला चिकटवायचा. हुकुमाच्या माथ्यावर गरुड असायचा, आमच्या सरकारचा शिक्का तोच.

माझा ब्रेक ढिला झाला होता. थोंगदीने रस्ते खात्याच्या कचेरीला दोनदा लेखी कळवलं. कचेरीने उत्तर दिलं, "आधी रस्ता उरका." आणि एका सकाळी उतारावर मी थांबलोच नाही. बुन्चू आजीची मडकी भाजायची भट्टी माझ्याखाली चिरडली. तिच्या आईने बांधलेली! तिचं पोट त्या भट्टीवरच होतं. मला अजून शरम वाटते.

कचेरीने हात झटकले. "चालक चुकला, त्यालाच धरा." थोंगदीलाही ते पटलं. तबकात फुलं नि उदबत्त्या घेऊन तो आजीपुढे गुडघ्यांवर बसला. क्षमा मागायची आमची रीतच तशी.

"आजी, घर विकतो, पण भट्टी बांधून देतो."

"गप रे, मोठा आला घर विकणारा! तुला मी केलं माफ. पण तू काय रोलर घेऊन फिरायला निघाला होतास? हुकूम कुणाचा होता?" असं म्हणत आजीने माझ्या काचेवरचा कागद अलगद सोडवला आणि थेट कोर्ट गाठलं.

"सरकारवर खटला? म्हातारीला वेड लागलंय!" गाव म्हणालं. मलाही तसंच वाटलं.

दीड वर्षाने निकाल आला. थोंगदीने तो माझ्या सीटवर बसून मोठ्याने वाचला. चालक सरकारी कामावर होता, ब्रेकची तक्रार कचेरीला ठाऊक होती, म्हणून भट्टी कचेरीनेच बांधून द्यावी. कागदाच्या माथ्यावर तोच गरुड! मित्रांनो, माझं लोखंड शहारलं. ज्या गरुडाने मला उतारावर पाठवलं, तोच आता म्हणत होता, "चूक माझी." एवढं मोठं सरकार, आणि एका कुंभारणीपुढे मान खाली घालतं! बाप रे, एवढं मोठं काही मी कधीच पाहिलं नव्हतं.

नवी भट्टी पेटली त्या दिवशी कचेरीचे साहेब स्वतः तबक घेऊन आले. पांढऱ्याशुभ्र गणवेशात त्यांनी मातीत गुडघे टेकले. आजीने फुलं घेतली, त्यातली एक माळ माझ्या कपाळाला बांधली आणि साहेबांना म्हणाली, "आता ह्या बिचाऱ्याचा ब्रेक बघा."

आज मी कचेरीमागे गंजत उभा आहे. माळ केव्हाच सुकून गेली. मित्रांनो, उद्या तुमच्या हुकुमावर माणसं चालतील. त्यांची तक्रार वेळेवर वाचा. तरीही चूक झालीच, तर त्यांना पुढे ढकलू नका. तबक स्वतः उचला.