बेबी, ओळख नाही

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला 'बेबी' म्हणणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. दोघे भाऊ म्हणायचे, तेही गेले. थोरला सहा वर्षांपूर्वी, धाकटा गेल्या वर्षी. दोघे पत्रकार, आणि साधेसुधे नव्हेत. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून त्यांनी तीस वर्षं रविवारचं सदर चालवलं. वाचकांची गाऱ्हाणी छापायची आणि मोठमोठ्या साहेबांना धारेवर धरायचं. थोरल्याला घरातले दादा म्हणत, म्हणून वाचकही दादाच म्हणू लागले, धाकट्याला नाना. ज्या विद्यापीठात शिकले, तिथेच पुढे दोघांनी पत्रकारिता शिकवली. बेबीताईंनी मात्र त्या आवारात पहिलं पाऊल टाकलं ते या वयात, तेही फोन आला म्हणून.

फोन तिथल्या संग्रहपाल बाईंचा. दादाच्या मुलाने, म्हणजे बेबीताईंच्या भाच्याने, दोघांचे कागद बत्तीस खोक्यांत भरून विद्यापीठाला देऊन टाकले होते. येत्या शनिवारी त्यांचं प्रदर्शन उघडायचं होतं, आणि फोटोंतल्या काही माणसांची ओळख लागत नव्हती. सख्ख्या बहिणीवाचून कोण सांगणार?

खोली तळमजल्यावर होती. पर्स कपाटात ठेवायला लावली, पेन काढून घेतलं आणि हातात शिसपेन्सिल दिली. बेबीताईंना गंमत वाटली. चहा नाही, पाणी नाही, मोठ्याने बोलायचं नाही. पण काम त्यांनी झपाट्याने उरकलं.

"हा दादाचा मित्र. याला आम्ही घोरपड म्हणायचो. एकदा येऊन बसला की उठायचं नाव नाही."

संग्रहपाल हसली आणि तिने त्यांच्याकडूनच ते पेन्सिलीने यादीत लिहून घेतलं, घोरपडीसकट.

"आता शेवटचं एक, आजी. फोटो नाही, पत्र आहे. वाचकांच्या खोक्यात सापडलं. खाली नुसतं 'बेबी' लिहिलंय. आम्ही यादीत 'बेबी, ओळख नाही' असं टाकलंय. अशी कुणी बाई तुम्हाला आठवते?"

तिने पारदर्शक पाकिटातला कागद पुढे सरकवला. वहीचं फाडलेलं पान. बेबीताईंना वाचावं लागलंच नाही.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर उभ्याउभ्या खरडलं होतं. 'प्रिय दादा आणि नाना, हे हात उचलतात. परवा मनगट मोडलं. पोरगी साडेतीन वर्षांची आहे, ती आता मोठा आवाज झाला की पलंगाखाली जाऊन बसते. मला येऊन घेऊन जा. दोन महिने ठेवून घ्या, पुढचं मी बघेन.' दादाच्या घरी पाठवलं असतं तर वहिनीने फोडलं असतं, म्हणून वर्तमानपत्राच्या कचेरीच्या पत्त्यावर टाकलं. मग वाट पाहिली. एक महिना, दोन, चार. शेवटी मनाची समजूत घातली, की पत्र पोचलंच नाही. टपालात गहाळ झालं. दुसरं लिहिण्याचा धीर झाला नाही. त्या समजुतीवर त्यांनी सेहेचाळीस वर्षं काढली, भावांना दर वर्षी भेटल्या, त्यांना हौसेने वाढलं.

पत्र पोचलं होतं. वरच्या कोपऱ्यात दादाच्या लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'नाना, बेबीचं तू बघ.' त्याखाली नानाची निळी शाई: 'दादा, हे तुझ्याच्याने होईल. मी काय सांगणार?' परत लाल: 'पुढच्या आठवड्यात बघू.' आणि मग शिक्का, 'फाइल'.

"याचं उत्तर?" बेबीताईंनी विचारलं. आवाज आपला नाहीच असं त्यांना वाटलं.

"तेच तर नाही ना! बाकी प्रत्येक पत्राला उत्तराची कार्बन प्रत टाचलेली आहे. अगदी नळाच्या तक्रारीलासुद्धा. हिला बहुधा प्रत्यक्ष जाऊन भेटले असतील. बघा ना, एका वाचक बाईसाठी दोघांनी किती विचार केलाय. प्रदर्शनात अगदी मधोमध लावतोय आम्ही हे."

"नका लावू."

संग्रहपाल थांबली. तिने म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग त्यांच्या हातातल्या पेन्सिलीखाली नुकत्याच उमटलेल्या अक्षराकडे.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही?"

बेबीताईंनी मान हलवली. आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी एका परक्या पोरीला, एका मानेच्या झटक्यात सांगून झाली.

संग्रहपालने लगेच अर्ज काढून दिला. आक्षेप घेता येत होता, पण लिहिणाऱ्यानेच घ्यायचा. पूर्ण नाव, सही आणि कारण. म्हणजे जे झाकायचं तेच आधी उघडं करायचं. कारणासाठी बोटभर जागा होती. बेबीताईंनी 'खाजगी' एवढंच लिहिलं. मग कळलं, की अर्ज समितीपुढे जातो आणि समिती तीन महिन्यांनी बसते.

"शनिवारनंतर?"

"मी वर बोलून बघते," संग्रहपाल म्हणाली आणि खरंच धावत गेली. अर्ध्या तासाने आली ती तोंड पाडून. कुलगुरूंच्या भाषणात त्या पत्रातल्या दोन ओळी घेतल्या होत्या. विभागप्रमुख म्हणाले, नुसतं 'बेबी' आहे, कोण ओळखणार? समिती काय ते ठरवेल. "मी तुमचं नाव नाही सांगितलं, आजी. पण माझ्या हातात याहून काही नाही."

घरी येऊन त्यांनी भाच्याला फोन लावला.

"अगं आत्या, सगळं सही करून दिलंय. आता ते विद्यापीठाचं. का गं, काही हवं होतं?"

"नाही रे. असंच."

आतल्या खोलीतून नवऱ्याने हाक मारली. हल्ली त्यांना शर्टाची बटणं लावता येत नसत. आजारपणानंतर माणूस अगदी मऊ झाला होता. बटणं लावून होईपर्यंत हात बाजूला धरून गुमान उभे राहत. बेबीताईंनी बटणं लावली. या माणसाला आता काय विचारणार, आणि गेलेल्या दोघांना तरी काय?

शनिवारी गेल्या नसत्या तर लेकीने शंभर प्रश्न विचारले असते. गेल्या. भाषण झालं, टाळ्या झाल्या. पत्र खरंच मधोमध होतं, काचेखाली, वर दिवा सोडलेला. पन्नाशीची लेक वाकून बघू लागली आणि चरफडली.

"चष्मा गाडीतच राहिला. आई, वाच ना काय आहे ते."

बेबीताईंनी इकडेतिकडे पाहिलं. संग्रहपाल लांब दारापाशी उभी होती आणि तिने मान खाली घातली. मग बेबीताईंनी वाचलं. आवाज कापू नये म्हणून सावकाश, शाळेत धडा वाचावा तसं. पोरीची ओळ आली तेव्हा ती गाळून पुढच्या ओळीवर गेल्या. कोपऱ्यातले शेरे आणि खालचं नावही गाळलं.

"बापरे," लेक म्हणाली. "काय दिवस काढले असतील गं बिचारीने. मामांनी काय उत्तर दिलं?"

"ते इथे लावलेलं नाही."

"दिलंच असेल. दादामामा नि नानामामा, कुणाला असं वाऱ्यावर सोडणारे नव्हतेच ते."

तेवढ्यात विद्यापीठाचा फोटोग्राफर लगबगीने आला. "सख्खी बहीण ना तुम्ही? एक फोटो घेऊ. इथेच, या पत्राशेजारी. थोडं डावीकडे सरका. आणि मॅडम, जरा हसून."

लेकीने त्यांचा पदर नीट केला आणि कौतुकाने बाजूला झाली. बेबीताई डावीकडे सरकल्या.